गंभीर आजारी रुग्णांवर नर्सिंगचा प्रबंध: विषय, मोजमाप आणि मध्येच सुटणारे रुग्ण

प्रश्न असा आहे. नागपुरात एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या एका सिस्टरना गंभीर आजाराच्या रुग्णांवर प्रबंध करायचा आहे. त्यांना सुचवलेला विषय आहे ‘परिचारिकांचे पॅलिएटिव्ह काळजीविषयीचे (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या काळजीविषयीचे) ज्ञान आणि नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम’. त्यांना मात्र प्रत्यक्ष रुग्णांच्या त्रासावर काम करायचे आहे. डेटा गोळा करायला सहा आठवडे मिळतील. विषय कोणता घ्यावा, साधन कोणते वापरावे, किती रुग्ण लागतील आणि रुग्ण मध्येच दगावले तर काय करायचे, हे त्यांनी विचारले आहे.

नियोजित शिक्षणाचा विषय सोयीचा आहे, म्हणून तो पुन्हा पुन्हा निवडला जातो. पाऊण तासाचे व्याख्यान, आधी तीस प्रश्न, सातव्या दिवशी तेच तीस प्रश्न. गुण वाढणारच. पण त्या सात दिवसांत वॉर्डातल्या एका तरी रुग्णाची रात्र सुधारली का, हे त्या प्रबंधातून कळत नाही. गाइडनी हाच विषय धरून ठेवला, तर त्यात एक भर घाला. शिकवण्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यातले केसपेपर काढा आणि दोन गोष्टी मोजा: मॉर्फिन सुरू झालेल्या रुग्णाला (त्याने शौचाला घट्ट होते) त्याच दिवशी पोट साफ होण्याचे औषध सुरू झाले का (नसेल तर सिस्टरने डॉक्टरांना विचारल्याची नोंद आहे का), आणि वेदनेचा अंक दर शिफ्टला लिहिला गेला का. एवढ्यानेही तुमचा अभ्यास रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचेल.

थेट रुग्णांवर काम करायचे असेल, तर माझी एकच अट आहे. विषय असा घ्या ज्यात उपाय परिचारिकेच्या हातात आहे आणि परिणाम रुग्ण स्वतः सांगू शकतो. दम लागणे, तोंड कोरडे पडणे किंवा सोलणे, पाठीची कातडी, शौचाला न होणे, जखमेचा वास, रात्रीची झोप. असे विषय नागपूरच्या रुग्णालयांत, मेडिकलमध्ये, मेयोत, तुकडोजीत, जामठ्याला किंवा मिहानच्या एम्समध्ये, कुठेही वॉर्डात एक फेरी मारली तरी दिसतात. यातला एक पूर्ण उलगडून सांगते, म्हणजे बाकीच्यांचा आराखडा तुम्हाला स्वतः बांधता येईल.

विषय घेऊ दम लागण्याचा, आणि उपाय घेऊ हातातल्या छोट्या पंख्याचा. चेहऱ्यावर, विशेषतः गाल, नाक आणि वरच्या ओठाच्या भागावर वारा लागला की दम लागल्याची जाणीव कमी होते. या भागाची संवेदना ट्रायजेमिनल नसेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शाखांतून जाते, आणि तिथला गारवा मेंदूला मिळणारा ‘हवा कमी पडते आहे’ हा संदेश सौम्य करतो, असे मानले जाते. इंग्लंडमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० रुग्णांना पाच मिनिटे चेहऱ्यावर आणि पाच मिनिटे पायावर वारा दिला. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने दम अधिक उतरला. जपानमध्ये २०१८ साली ४० कर्करुग्णांवर तसाच अभ्यास झाला. तिथे चेहऱ्यावरच्या वाऱ्याने ० ते १० च्या मापावर सरासरी १.३५ अंक कमी झाले, पायावरच्या वाऱ्याने जेमतेम ०.१.

हाच अभ्यास जसाच्या तसा नागपुरात उतरवला तर अडचण येईल. चेहऱ्याच्या कातडीचे तापमान ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असते. एप्रिल-मेमध्ये, बाहेर पारा ४४-४५ वर असताना, बिनएसीच्या वॉर्डातली हवा त्याहून गरम असू शकते. कोरड्या चेहऱ्यावर असा वारा मारला तर गारवा मिळत नाही, झळ लागते. म्हणून आपल्याकडे चेहरा ओल्या रुमालाने पुसून मग पंखा लावायला हवा. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि कातडी गार होते. कूलर याच तत्त्वावर चालतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तेवढा गारवा मिळणार नाही. म्हणजे हा नागपूरचा स्वतःचा प्रश्न आहे, त्याचे उत्तर इंग्लंड-जपानच्या आकड्यांत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये (मंजुरीसाठी द्यायच्या प्रबंधाच्या आराखड्यात) ‘या अभ्यासाची गरज’ या मथळ्याखाली हेच लिहा.

आराखडा क्रॉसओव्हर ठेवा. प्रत्येक रुग्णाला दोन्ही गोष्टी मिळतील: एकदा चेहरा पुसून चेहऱ्यावर वारा, एकदा पाय पुसून पायावर वारा. आधी कोणता आणि नंतर कोणता, एवढेच चिठ्ठीने ठरेल. चिठ्ठ्या अपारदर्शक पाकिटांत, पाकिटांवर अनुक्रमांक, आणि पाकिटे वॉर्डात काम न करणाऱ्या व्यक्तीने चार-चार, सहा-सहाच्या गटांत भरलेली. पाकीट रुग्णाची संमती आणि पहिला अंक घेतल्यावरच उघडायचे. ‘आज सम तारीख म्हणून पाय आधी’ ही पद्धत वापरू नका. पुढचा क्रम आधीच माहीत असला की कोणाला आज घ्यायचे आणि कोणाला उद्या, हे नकळत आपल्या मनाप्रमाणे ठरू लागते.

पंखा चेहऱ्यापासून साधारण १५ सेंटिमीटरवर, पाच मिनिटे. खाटेचे डोके ४५ अंशांवर. ऑक्सिजन चालू असेल तर त्याचा प्रवाह दोन्ही वेळा तितकाच. प्रत्येक रुग्णाला वेगळा पंखा द्या आणि अभ्यासानंतर तो त्यालाच ठेवू द्या. चार्जिंगचा साधा पंखा काहीशे रुपयांत येतो. थुंकीत क्षयाचे जंतू असलेल्या रुग्णाला या अभ्यासात घेऊ नका.

छताचा पंखा आणि वॉर्डचा कूलर यांचा विचार सिनॉप्सिस लिहितानाच करा. कूलरसमोरच्या खाटेवरच्या रुग्णाला दिवसभर चेहऱ्यावर ओला वारा मिळतच असतो. त्याच्यावर तुमच्या पंख्याचा परिणाम दिसणार नाही आणि तुम्ही ‘उपाय निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढून मोकळ्या व्हाल. चाळीस खाटांच्या वॉर्डात पंखे बंद करता येत नाहीत, करूही नयेत. त्यावर तोड अशी: टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी उशीजवळ धरा. ती हलली तर त्या दहा मिनिटांपुरता मधे पडदा ओढा किंवा खाट थोडी सरकवा, आणि पट्टी स्थिर झाल्यावरच पहिला अंक घ्या. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र खाटेजवळ ठेवून दोन्ही आकडे दर वेळी लिहा. हे दोन रकाने तुमच्या प्रबंधाची किंमत वाढवतील, कारण वॉर्ड किती तापला होता हे सहसा कुणी नोंदवतच नाही.

आता मोजमाप. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा.

दम लागणे हा रुग्णाचा अनुभव आहे. ऑक्सिमीटरवर ९६ असतानाही माणूस गुदमरलेला असू शकतो आणि ८८ असताना शांत पडलेला असू शकतो. म्हणून मुख्य परिणाम रुग्णाने सांगितलेला अंक. श्वसनाचा वेग (पूर्ण ६० सेकंद मोजून, १५ सेकंदांचे चौपट करून नव्हे) आणि ऑक्सिजनची पातळी जोडीला. अंक ० ते १०. अनेक त्रास एकत्र मोजायचे असतील तर एडमंटन सिम्प्टम असेसमेंट सिस्टिम, म्हणजे ईसॅस, वापरा. हे साधन १९९१ साली कॅनडात तयार झाले. त्यात वेदना, थकवा, मळमळ, उदासी, काळजी, गुंगी, भूक, स्वास्थ्य आणि दम अशा नऊ गोष्टी ० ते १० मध्ये विचारतात. या मापावर एका अंकाचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मानला जातो.

पण ‘दम लागतो का?’ असे विचारून उत्तर लिहिले की काम झाले, असे नाही. आपल्याकडचा रुग्ण म्हणतो, ‘जीव घाबरते.’ याचा अर्थ दम, छातीतली धडधड, मळमळ किंवा नुसती भीती, यातले काहीही असू शकते. हिंदी बोलणारा ‘जी घबराता है’ म्हणतो, तिथेही हीच अडचण. असे उत्तर आले की पुढे विचारा: ‘श्वास पुरत नाही असं वाटते का? की ओकारी आल्यासारखं वाटते? की छातीत धडधडते?’ मग ज्याचे उत्तर हो येईल त्याच रकान्यात अंक लिहा. थकव्याचेही तेच. ‘कमजोरी’, ‘ताकद नाही’, ‘अंग गळून जाते’ हे थकव्यात मोडते. ‘झोप झोप वाटते’ ते गुंगीच्या रकान्यात. भुकेचा अंक तर हमखास उलटा लिहिला जातो. ईसॅसमध्ये ० म्हणजे भूक चांगली आणि १० म्हणजे भूक अजिबात नाही. पण रुग्ण ‘दहापैकी दहा’ म्हणतो ते भूक छान आहे म्हणून. जगभर हीच गल्लत होत असल्याने सुधारित ईसॅसमध्ये हा प्रश्न ‘भूक न लागणे’ असा बदलला आहे. तुम्ही सुधारितच घ्या, आणि अंक लिहिल्यावर एकदा पडताळा: ‘म्हणजे जेवण जातच नाही, असं ना?’

शाळा न पाहिलेल्या रुग्णाला आकड्यांची पट्टी दाखवून उपयोग नाही. दोन्ही हातांची दहा बोटे वापरा. मुठी मिटलेल्या म्हणजे त्रास नाही, दहाही बोटे उघडी म्हणजे सहन होण्यापलीकडचा त्रास. रुग्णाला स्वतःची बोटे उघडायला सांगा. तुम्ही उघडत गेलात तर तो मध्येच ‘बस’ म्हणतो, आणि कुठे म्हणतो हे तुमच्या वेगावर अवलंबून राहते. आणि एक पद्धत ठरवली की सगळ्यांना तीच. निम्म्यांना पट्टी आणि निम्म्यांना बोटे, असे चालणार नाही.

साधनाचे मराठी रूप आधीच तयार आहे का, ते पाहा. ईओआरटीसी या युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेची तीस प्रश्नांची जीवनमान प्रश्नावली मराठीत अधिकृतपणे उपलब्ध आहे. शैक्षणिक कामासाठी परवानगी मागावी लागते. मात्र दम लागलेल्या माणसाला तीस प्रश्न विचारणे हेच त्याच्यावर ओझे आहे. स्वतः भाषांतर करायचे असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचे, दोन्ही जुळवायची, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने उलट भाषांतर करायचे, आणि मग आठ-दहा रुग्णांना प्रत्येक प्रश्नावर विचारायचे, ‘यातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा.’ ही शेवटची पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि नेमकी तीच सगळ्यात उपयोगी आहे. या आठ-दहांत भंडारा-गोंदियाकडचे, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे आणि बालाघाट-छिंदवाड्याहून आलेले हिंदी बोलणारे, असे सगळे असू द्या. नागपूरच्या वॉर्डात हे सगळे शेजारी-शेजारी असतात. पुणेरी मराठीतला ‘आपणांस श्वसनास त्रास होतो काय?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणालाही आपला वाटणार नाही.

खाटेशेजारी बसलेले नातेवाईक उत्तर देतात, हे गृहीत धरा. घरच्यांना त्रास जास्त वाटतो, विशेषतः मनाचा. आपल्याला, परिचारिकांना, बऱ्याचदा कमी वाटतो. म्हणून रुग्णाचे उत्तर आणि घरच्यांचे उत्तर कधीही एकाच रकान्यात लिहू नका. ‘उत्तर कोणी दिले’ असा वेगळा रकाना ठेवा. रुग्ण ग्लानीत गेल्यावर मुलाने सांगितलेला अंक रुग्णाच्या जुन्या अंकाशी जोडून ‘त्रास वाढला’ म्हणणे ही साधी चूक नाही, पूर्ण निष्कर्ष पालटतो.

वेळेचे गणितही पक्के करा. तोंडाने घ्यायचे साधे मॉर्फिन चार-चार तासांनी देतात आणि त्याचा असर साधारण तासाभरात शिखरावर जातो. डोसच्या आधी दहा मिनिटे घेतलेला अंक आणि डोसनंतर तासाने घेतलेला अंक, यांत मॉर्फिनचाच फरक दिसेल, तुमच्या पंख्याचा नाही. वॉर्डात डोस सकाळी १० आणि दुपारी २ ला असेल तर पहिली वेळ ११.३० आणि दुसरी ३.३० ठेवा, दोन्ही वेळा डोसपासून दीड तास. मधल्या चार तासांत पहिल्या वाऱ्याचा असरही ओसरतो. तरी दुसऱ्या वेळेआधीचा अंक पहिल्या वेळेआधीच्या अंकाजवळ आला आहे का, हे पाहून लिहा. २४ तासांत एकूण किती मॉर्फिन गेले, मधे रेस्क्यू डोस (त्रास वाढला तर द्यायचा जादा डोस) किती वाजता दिला, नेब्युलायझर केव्हा झाले, हे केसपेपरवरून उतरवा. दोन वेळांच्या मधे जादा डोस पडला असेल तर त्या रुग्णाची नोंद वेगळी खूण करून ठेवा. पुसून टाकू नका.

एकाच गटाला उपायाआधी आणि नंतर मोजणारा आराखडा मी इथे का सुचवत नाही, तेही सांगते. समजा तुम्ही दम ४ किंवा त्याहून जास्त असलेलेच रुग्ण घेतलेत. म्हणजे त्यांना त्यांच्या वाईट घटकेला पकडलेत. काहीही केले नाही तरी पुढच्या मोजणीत बऱ्याच जणांचा अंक खाली येणार, कारण वाईट घटका सरते. त्यात डॉक्टर त्याच तीन दिवसांत डोस वाढवतात, छातीतले पाणी काढतात. सगळे श्रेय पंख्याला जाते. तुलनेचा गट नसेल तर परीक्षकाचा पहिला प्रश्न हाच असेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

आता किती रुग्ण, ते पाहू. दोन वेगळे गट केलेत, अंकांचे प्रमाण विचलन २ धरले आणि १ अंकाचा फरक पकडायचा ठरवले, तर ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळीला सूत्र असे (७.८४ हा या दोन पातळ्यांचा ठरलेला गुणक, ४ हा विचलनाचा वर्ग): २ × ७.८४ × ४ ÷ १, म्हणजे प्रत्येक गटात ६३, दोन्हींत १२६. त्यात ३० टक्के गळती धरा: १२६ ÷ ०.७ = १८०. क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच होते. फरकाचे प्रमाण विचलन २ धरले तर ७.८४ × ४ ÷ १, म्हणजे ३२. एकाच दिवसात दोन्ही मोजण्या होत असल्याने गळती २० टक्के धरली तरी ३२ ÷ ०.८ = ४०. सहा आठवड्यांत ४० जमतील, १८० जमणार नाहीत. विचलन २ हे मी उदाहरणासाठी धरले आहे. तुम्ही ते तुमच्या पायलटमधून (छोट्या पूर्वचाचणीतून) किंवा आधीच्या अभ्यासातून घ्या. ओला चेहरा विरुद्ध कोरडा चेहरा अशी तुलना मनात येईल. ती चांगली आहे, पण दोन्हींतला फरक अर्धा अंकच निघाला तर ७.८४ × ४ ÷ ०.२५, म्हणजे १२६ रुग्ण लागतील. ते काम पीएच.डी.साठी ठेवा.

सिनॉप्सिस देण्याआधी दोन आठवडे वॉर्डात रोज मोजून पाहा: दम ४ किंवा त्याहून जास्त असलेले किती, त्यांतले शुद्धीवर किती, बोलू शकणारे किती. आलेला आकडा निम्मा करा. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ लुई लासान्या यांच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: अभ्यास सुरू झाला की पात्र रुग्णांची संख्या अचानक आटते. नागपुरात पेरणीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत ते आणखी आटतात, कारण बाहेरगावचे रुग्ण घरी परततात.

मध्येच सुटणाऱ्या रुग्णांबद्दल तुम्ही काळजीने विचारले आहे. या क्षेत्रात रुग्ण दगावणे हा अभ्यासाचा दोष नाही, आजाराचा भाग आहे. दोष असतो तो ते लपवण्यात. गळतीची कारणे तीन खणांत लिहा: मृत्यूमुळे, आजार बळावल्यामुळे (ग्लानी, अतिशय थकवा), आणि इतर, जसे घरी नेले, नकार दिला, फोन लागला नाही. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोअरकेअर शिफारशींत हीच विभागणी सांगितली आहे, तिचा दाखला द्या. ‘६० पैकी ४१ रुग्ण पूर्ण झाले, त्यांचे विश्लेषण केले’ एवढेच लिहिलेत, तर तुम्ही प्रत्यक्षात फक्त तगून राहिलेल्यांचा अभ्यास केलात आणि सगळ्यात आजारी माणसे वगळलीत. सुटलेल्या १९ जणांचे पहिल्या दिवशीचे अंक, वय आणि पॅलिएटिव्ह परफॉर्मन्स स्केलवरची (रुग्ण किती हिंडतो-फिरतो आणि स्वतःचे किती करू शकतो, याची) टक्केवारी वेगळ्या तक्त्यात द्या. भेटलेले सगळे, पात्र, विचारलेले, नकार दिलेले, हा हिशेबही पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा. नंतर आठवून तो लिहिता येत नाही. एक खास रकाना ‘विचारूच दिले नाही’ असा ठेवा, कारण मायेपोटी सहकारी सिस्टर किंवा मुलगा म्हणतो, ‘त्यांना नका त्रास देऊ.’ ही माया खरी असते, पण त्यामुळे ज्यांचा त्रास सर्वांत मोठा तेच अभ्यासाबाहेर राहतात.

अंक बहुधा एका बाजूला झुकलेले निघतील. तेव्हा मध्यक आणि विल्कॉक्सन चाचणी वापरा. संख्याशास्त्रज्ञाला डेटा गोळा करण्याआधी भेटा.

संमतीचा भाग घाईने उरकू नका. आपल्याकडे घरचे सांगतात, ‘पेशंटला कॅन्सर आहे हे कळू देऊ नका.’ आणि तुमच्या माहितीपत्रकाच्या मथळ्यातच तो शब्द छापलेला असतो. खोटे तर लिहायचे नाही. पण निदान सांगणे हे तुमच्या अभ्यासाचे कामही नाही. मथळा त्रासावर ठेवा: ‘दम लागणाऱ्या रुग्णांना पंख्याच्या वाऱ्याने आराम मिळतो का, याचा अभ्यास’. बोलायला सुरुवात करताना विचारा, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय काय सांगितलं आहे?’ तो जो शब्द वापरेल, ‘गाठ’, ‘फुप्फुसाचा आजार’ किंवा थेट ‘कॅन्सर’, तोच तुम्ही वापरा. त्याने उलट विचारले, ‘मला झालं काय आहे?’, तर टाळू नका. ‘हे मी डॉक्टरांना तुमच्याशी बोलायला सांगते,’ म्हणा आणि त्याच दिवशी सांगा. इतर कर्करुग्णांसोबत त्याचे नाव ऐकू येईल अशी यादी वॉर्डात मोठ्याने वाचू नका.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत मरणासन्न रुग्ण असुरक्षित गटात येतात. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्षपाती साक्षीदार हवा. तो तुमच्या अभ्यासाशी संबंधित नसावा. सही एकदा झाली म्हणून काम संपत नाही. भ्रम, म्हणजे डिलिरियम, दिवसात येतो-जातो आणि संध्याकाळी बळावतो. दर वेळी आधी विचारा, ‘आत्ता दहा मिनिटं बोललं तर चालेल?’ आणि तो काय सांगतो त्यावरून त्याला समजते आहे ना, ते पाहा. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली तरी ज्या रुग्णालयात काम करणार तिथली परवानगी वेगळी लागते. तिला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा. आणि उपाय देऊन तुलना करणारा अभ्यास म्हणजे सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी, तीही पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

अभ्यासक असलात तरी तुम्ही परिचारिका आहात. एखाद्याने वेदना ९ सांगितली तर ती फक्त फॉर्मवर लिहून पुढच्या खाटेकडे जाता येणार नाही. सिनॉप्सिसमध्येच लिहा: कोणताही अंक ७ किंवा वर आला तर लगेच वॉर्ड सिस्टर आणि ड्यूटी डॉक्टरांना कळवणार, वेळ नोंदवणार. त्यामुळे तुमचे पुढचे आकडे बदलतील. बदलू द्या.

दम सोडून दुसरा विषय घ्यायचा झाला, तर तोंडाची काळजी नागपुरात अगदी जवळची आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन तोंड आखडलेले आणि वर रेडिओथेरपी चालू, असे रुग्ण इथे भरपूर. तोंड तपासायला आठ भागांचे ओरल असेसमेंट गाइड वापरतात. प्रत्येक भागाला १ ते ३, एकूण ८ ते २४. अडचण अशी की वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर तोंड आखडलेले मानतात, आणि तोंड फारच आखडले असेल तर मागचा भाग नीट दिसत नाही, आणि तपासणारी सिस्टर न दिसलेल्या जागेला ‘सामान्य’ म्हणून १ देऊन टाकते. म्हणजे सर्वांत वाईट तोंडाला चांगला अंक. आधी तोंड किती उघडते ते पट्टीने मोजा, ‘दिसले नाही’ हा वेगळा पर्याय ठेवा, आणि दोन सिस्टरांनी स्वतंत्रपणे तपासून त्यांचे मत किती जुळते ते काप्पाने (दोघांच्या मतांतला मेळ मोजणाऱ्या आकड्याने) काढा. तुलनेसाठी क्लोरहेक्झिडिन (चूळ भरायचे जंतुनाशक) निवडू नका. डोके-मान रेडिओथेरपीत तोंड सोलणे टाळण्यासाठी ते न वापरण्याची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे.

कातडीचा विषय घेतलात तर दाबामुळे होणाऱ्या जखमांचा धोका मोजणारे ब्रेडन स्केल सगळ्यांना ठाऊक असते (६ ते २३, १८ किंवा कमी म्हणजे धोका). पण सावळ्या कातडीवर पहिल्या पायरीचा लालसरपणा दिसत नाही. नुसते पाहून नोंदवलेत तर तुमच्या अभ्यासात पहिली पायरी जवळपास सापडणारच नाही आणि जखमा थेट दुसऱ्या पायरीवर ‘अचानक’ उगवतील. माकडहाड आणि टाचा हाताने तपासा: शेजारच्या भागापेक्षा गरम की गार, घट्ट की भुसभुशीत, दाबल्यावर दुखते का.

गुणात्मक अभ्यास करून घरच्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर रुग्ण गेल्यानंतर तेरवीच्या आसपास फोन करू नका. तीन ते सहा महिने जाऊ द्या, आणि पहिली दिवाळी व वर्षश्राद्ध हे दिवस टाळा. एका तासाचे रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास लागतात, वऱ्हाडी आणि झाडीपट्टीची बोली असेल तर जास्तच. उतरवताना ती प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. समोरची व्यक्ती रडू लागली तर रेकॉर्डर बंद करा, बसून राहा, आणि पुढे बोलायचे की नाही हे तिला ठरवू द्या.

सगळे ठरल्यावर पाच रुग्णांवर पायलट करा आणि त्यात फक्त हे लिहा: एका रुग्णाला एकूण किती मिनिटे लागली, कोणता प्रश्न दोनदा विचारावा लागला, कुठे नातेवाईक मधे बोलले, टिश्यूची पट्टी किती खाटांवर हलली. वीस मिनिटांच्या वर वेळ जात असेल तर फॉर्म कापा. वय, शिक्षण, उत्पन्न, गाव ही माहिती केसपेपरवरून किंवा घरच्यांकडून घ्या. दम लागलेल्या माणसाचा श्वास फक्त त्या एका अंकासाठी खर्च व्हावा.